आपल्या घरच्या प्राण्याला आपलं मन किती कळतं, हे घरीच कसं तपासायचं

कुत्रा असो की मांजर, इंदूरच्या कुठल्याही मराठी घरात गेलात की एक वाक्य हमखास कानावर येतं, "त्याला सगळं कळतं हो, फक्त बोलता येत नाही." मला वाटतं त्याला खूप कळतं पण सगळं नाही, आणि नेमकं काय कळतं न् काय नाही हे घरच्यांना ठाऊक नसलं की ओरडा उगाच त्या मुक्या जिवाला बसतो. आपण रागावलोय, घाबरलोय, खूश आहोत हे त्याला कळतं. आपण एखादी गोष्ट मुद्दाम केली की चुकून झाली हेही थोडंफार कळतं. पण आपण *का* रागावलो ते कारण त्याच्यापर्यंत पोचेलच असं नाही. खाली जे सांगतेय त्यातलं बरंचसं घरच्या घरी करून बघता येतं, फार सामान लागत नाही.

सुरुवात करायच्या आधी हान्स नावाच्या घोड्याचं लक्षात ठेवा. साधारण सव्वाशे वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाच्या मास्तरांचा हा घोडा बेरीज वजाबाकी विचारली की खूर आपटून बरोबर उत्तर द्यायचा, बघायला गर्दी व्हायची, आणि मास्तर काही फसवत नव्हते, त्यांचा खरंच विश्वास होता. मग ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञांनी नीट तपासलं आणि १९०७ मध्ये मांडलं की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर घोड्यालाही ते येत नाही. तो गणित करतच नव्हता, बरोबर आकडा आला की समोरच्या माणसाची मान किंवा चेहरा नकळत किंचित हलायचा आणि तेवढं बघून तो थांबायचा. लोक म्हणाले हात्तिच्या, एवढंच होय! मला मात्र उलटं वाटतं, स्वतः माणसालाही जाणवत नाही अशी हालचाल त्या घोड्याने पकडली ही काय लहान गोष्ट आहे का. तर आपला धडा असा की टेस्ट करताना तुमचे डोळे, मान, हात काहीतरी सांगून जातात. उदाहरणार्थ तुम्हाला बघायचंय की "बॉल आण" आणि "चप्पल आण" यातला फरक कुत्र्याला कळतो का, तर वस्तू दुसऱ्या खोलीत ठेवा आणि तुम्ही बाहेरच थांबा, म्हणजे नजरेने खूण जायचा प्रश्नच नाही.

आता हेतूची टेस्ट, मला सगळ्यात आवडणारी. जर्मनीतल्या संशोधकांनी ५१ कुत्र्यांवर केलेला हा प्रयोग २०२१ मध्ये मांडला. मध्ये पारदर्शक आडोसा, त्याला एक फट, फटीतून माणूस कुत्र्याला खाऊ देतो. मग एका वेळी खाऊ मुद्दाम मागे घेतो, एका वेळी द्यायचा प्रयत्न करतो पण हातातून पडतो, आणि एका वेळी फटच बंद असते म्हणून देता येत नाही. खाऊ तिन्ही वेळा माणसाच्याच बाजूला राहतो, पण जिथे माणसाला द्यायचा होता आणि जमलं नाही तिथे कुत्रे आडोशाला वळसा घालून लवकर आले, आणि मुद्दाम मागे घेतला तिथे जास्त वेळ थांबून राहिले. म्हणजे नुसतं "मिळालं नाही" एवढंच त्यांनी पाहिलं नाही, देणाऱ्याचं मन कसं आहे याचाही काहीतरी अंदाज घेतला असावा.

घरी करायचं तर गॅलरीच्या दारात जाळीची फ्रेम किंवा बेबी गेट आडवं लावा, पण बाजूने कुत्र्याला फिरून येता येईल एवढी जागा ठेवा. खाऊ म्हणजे पोळीचा तुकडा, पनीर, उकडलेलं चिकन, जे त्याला चालतं ते (चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा अजिबात नको, विषारी पडतं). आधी दोन-चार वेळा सरळ द्या म्हणजे त्याला अंदाज येईल. मग एकदा जाळीपाशी नेऊन शांतपणे हात मागे घ्या आणि खाऊ स्वतःच्या पायाशी ठेवा, थोड्या वेळाने देता देता "अरेच्चा" म्हणत हातातून पाडा. कुणाला तरी मोबाईलवर व्हिडिओ घ्यायला सांगा, कारण फरक काही सेकंदांचाच असतो आणि डोळ्याला आपल्याला हवं तेच दिसतं. शेपूट हलतेय की थांबली, तो बसला का, तेही बघा. एकदा करून निकाल काढू नका, क्रम उलटसुलट करून वेगवेगळ्या दिवशी करा, आणि प्रत्येक वेळी शेवटी खाऊ मिळालाच पाहिजे, नाहीतर तुमच्यावरचा भरवसा जाईल.

दुसरी टेस्ट आवाजाची. बुडापेस्टला आटिला आंदिच या संशोधकांच्या टीमने कुत्र्यांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये न हलता पडून राहायला शिकवलं, बांधून वगैरे नाही हं, प्रेमाने, आणि २०१६ मध्ये दाखवलं की शाबासकीचे शब्द शाबासकीच्या सुरात आले तेव्हाच मेंदूतला आनंदाचा भाग नीट जागा होतो. नुसते शब्द कोरड्या सुरात किंवा नुसता गोड सूर आणि भलते शब्द, दोन्हीने तेवढं होत नाही. म्हणून घरात सगळ्यांनी मिळून कौतुकाचा एकच शब्द ठरवा. आजोबा "वा रे पठ्ठ्या" म्हणणार, मुलं "गुड बॉय", आई मोबाईल बघत बघत "हं हं", अशाने त्याचा गोंधळ होतो. आणि म्हणताना मनापासून म्हणा.

आता जिथे सगळ्यात जास्त अन्याय होतो ती गोष्ट. तुम्ही बाहेरून आलात, सोफा फाडलेला, कुत्रा कोपऱ्यात मान खाली घालून, कान पाडून, नजर चुकवत बसलाय. "बघा, याला माहितीये याने काय केलंय!" असं म्हणून त्याला रट्टा बसतो. कुत्र्यांचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये १४ कुत्र्यांवर हेच तपासलं. मालक खाऊला तोंड लावू नको म्हणून बाहेर जायचा, आणि परत आल्यावर त्याला कधी खरं कधी खोटं सांगितलं जायचं की कुत्र्याने खाल्लं. तो "अपराधी" चेहरा कुत्र्याने खाल्लं होतं की नाही याच्यावर ठरत नव्हता, मालक रागावला की तो दिसायचा, आणि ज्यांनी काहीच केलं नव्हतं अशांना ओरडा बसला तेव्हा तर जास्तच दिसला. म्हणजे तो चेहरा "माझं चुकलं" असं सांगत नाही, "तू चिडलायस, मला मारू नकोस" असं सांगतो. हे वाचल्यावर तरी दोन तासांपूर्वीच्या गोष्टीसाठी त्याला ओरडू नका, प्लीज. त्याला तुमचा राग शंभर टक्के कळतोय आणि कारण कळत नाहीये, आणि कारण न कळणारा राग किती भीती घालतो हे लहान मूल असलेल्या प्रत्येक घराला माहीत आहे. करायचं काय तर काही न बोलता पसारा आवरा, तो एकटा किती वेळ होता, सकाळी फिरायला नेलं होतं का, चावायला काही ठेवलं होतं का ते बघा. चूक होतानाच पकडली तरच "नाही" म्हणा आणि लगेच दुसरं काहीतरी चावायला द्या.

रडण्याचं पण खूप जण विचारतात, की मी रडले तर तो येऊन पायाशी बसतो, हे प्रेम आहे ना? लंडनमध्ये २०१२ साली १८ कुत्र्यांसमोर माणसं एकदा रडल्याचं नाटक करत होती, एकदा गुणगुणत होती, एकदा गप्पा मारत होती, आणि बहुतेक कुत्रे रडणाऱ्याकडेच गेले, ती व्यक्ती अनोळखी असली तरी. याला सहानुभूती म्हणायचं की पूर्वी असं जवळ गेल्यावर लाड झाले म्हणून लागलेली सवय, यावर अभ्यासकांमध्ये अजून वाद आहे. मला तो वाद महत्त्वाचा वाटतो पण तुमच्या दुःखात तो जवळ आला तर त्याला जवळ घ्यायला कुठलाही वाद आड यायचं कारण नाही. फक्त टेस्ट म्हणून रोज खोटं रडत बसू नका, त्यालाही त्रास होतो. आणि लपवून फार उपयोग नाही बरं, बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत २०२२ मध्ये चार शिकवलेल्या कुत्र्यांनी माणसाचा घाम आणि श्वास नुसता हुंगून तो स्ट्रेसच्या आधीचा की नंतरचा हे ९० टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर ओळखलं. घरात भांडण चालू असलं तर त्याला ओरडून बाहेर हाकलू नका, दुसऱ्या खोलीत पाणी आणि त्याचं अंथरूण देऊन ठेवा.

मांजरवाल्यांसाठी थोडक्यात. ससेक्स युनिव्हर्सिटीने २०२० मध्ये दाखवलं की मांजरीकडे बघून डोळे बारीक करून हळूच मिटले तर तीही तसंच करते आणि हात पुढे केल्यावर जास्त जवळ येते. थोडं अंतर ठेवून बसा, टक लावून बघू नका, दोन-तीनदा सावकाश डोळे मिटा, मग नजर बाजूला. जपानच्या अभ्यासात मांजरींनी तसल्याच बाकीच्या शब्दांमधून स्वतःचं नाव ओळखलेलं आहे, तेव्हा हाक मारूनही ती आली नाही तर तिला ऐकूच आलं नाही असं समजू नका.

गल्लीतल्या कुत्र्यांना काही कळत नाही असं मानणारे आपल्याकडे पुष्कळ. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या अनिंदिता भद्रा यांच्या टीमने भारतातल्या रस्त्यावरच्याच कुत्र्यांसमोर दोन झाकलेली भांडी ठेवून एकाकडे बोट दाखवलं. जवळपास निम्मे आलेच नाहीत, माणसाच्या भीतीने, पण जे आले त्यातले साधारण ८० टक्के बरोबर त्याच भांड्याकडे गेले. कुणी शिकवलं नव्हतं त्यांना. सराफ्यातून, म्हणजे आपल्या इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातून, उशिरा स्कूटरवर घरी येताना कुत्रे मागे लागले तर माणसाच्या हालचाली वाचायची त्यांची हीच सवय कामाला येते. स्पीड वाढवू नका, गाडी हळू करून थांबवा, त्यांच्या डोळ्यांत रोखून बघू नका, दगड उचलायला वाकू नका, हळू आवाजात बोला, ते बहुतेक वेळा ढिले पडतात. तरी दात लागलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा, हळद मिरची काही लावू नका, आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.

गेरचे (रंगपंचमीच्या मिरवणुकीचे) डीजे, दिवाळीचे फटाके, अनंत चतुर्दशीच्या झांक्यांची म्हणजे चित्ररथांची रात्र, आपल्या शहरात आवाजाला तोटा नाही. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं की भीती वाढते असं लोक सांगतात, तसं होत नाही, तो येत असेल तर खुशाल जवळ घ्या. पण तुम्ही स्वतः घाईघाईने दारंखिडक्या आपटत "अरे देवा, आता हा घाबरणार" करत फिरलात तर ते तो आधी वाचतो. दुपारीच आतली खोली तयार करा, पडदे लावा, पंखा किंवा टीव्ही चालू ठेवा आणि तुम्ही शांत बसा. फारच थरथरत असेल तर औषधं असतात, पण सणाच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारा, मनाने काही देऊ नका.

शेवटचं, घरातलं माणूस गेलं की. आजी गेल्या आणि कुत्रा त्यांच्या खोलीच्या दारातून हलत नाही, जेवत नाही, असं बऱ्याच घरांत होतं. त्याला मृत्यू कळला का हे ठामपणे म्हणता येत नाही, पण रोजचं माणूस नाही आणि बाकीचे सगळे वेगळ्याच आवाजात बोलतायत एवढं त्याला नक्कीच जाणवतं. तेराव्यापर्यंत पाहुण्यांची वर्दळ असते, त्यात त्याच्या वेळा मोडू देऊ नका, फिरायला नेण्याचं आणि जेवणाचं काम एकाच माणसाकडे द्या, आजींची एखादी जुनी साडी धुवायला न टाकता त्याच्याजवळ राहू द्या. कुत्र्याने दुसऱ्या दिवशीही काही खाल्लं नाही तर डॉक्टरांकडे न्या, दुःख समजून दुखणं अंगावर काढलं जातं असंही होतं, आणि मोठी तपासणी लागली तर महूचं व्हेटरनरी कॉलेज इथून तासाभरावर आहे. मांजर असेल तर एवढंही थांबू नका, पूर्ण एक दिवस उपाशी राहिली की लगेच दाखवा, कारण खाणं तुटलं की मांजरीच्या लिव्हरवर चरबी साठायला लागते आणि ते जिवावर बेतू शकतं.