ग्वेझी तांग घरी कसा करायचा, आणि त्यावर पेज का लागतेच

पावसाळ्यात अंगात कसर असते, नाक वाहतं, मान आखडते, पंख्याचा वारा पण नकोसा होतो आणि तरी अंगाला बारीक घाम सुटत राहतो, नेमक्या याच अवस्थेसाठी चिनी वैद्यकात ग्वेझी तांग नावाचा काढा आहे. इसवी सन 200 च्या सुमारास झांग झोंगजिंग नावाच्या वैद्याने शांग हान लुन या थंडीच्या आजारांवरच्या ग्रंथात तो लिहून ठेवला. घाम सुटतोय हे नीट बघा हं, कारण थंडी वाजतेय पण घामाचा टिपूस नाही अशा माणसासाठी त्यांचा वेगळा काढा आहे, मा ह्वांग नावाच्या वनस्पतीचा, आणि त्यात एफेड्रिन हे हृदयाची धडधड वाढवणारं द्रव्य असतं, तो घरी करायच्या भानगडीत पडूच नका.

आणि लावणीच्या दिवसात चिखलात उतरलेल्या माणसाला सडकून ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या, तर काढा बिढा बाजूला ठेवून आधी सरकारी दवाखान्यात जाऊन रक्त तपासा, लेप्टो म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप असू शकतो.

सामान फक्त पाच जिनसांचं. ग्वेझी म्हणजे चिनी दालचिनीच्या कोवळ्या फांद्या 9 ग्रॅम, पांढऱ्या पिओनी या फुलझाडाचं मूळ 9 ग्रॅम, ओलं आलं 9 ग्रॅम, मधात परतलेलं ज्येष्ठमध 6 ग्रॅम आणि सुकी चिनी बोरं तीन, फोडून. आपल्या परसातली कोकण तेज दालचिनी मसाल्याला एक नंबर, पण ती जात वेगळी आणि आपण वापरतो ती साल, इथे लागतात काड्या. बोरांच्या जागी खजूर घालू नका, तो वेगळ्याच झाडाचा. पिओनी आपल्याकडे होत नाही, ती खात्रीच्या दुकानातूनच मागवावी लागते आणि तिच्याशिवाय केलात तर तो नुसता आल्या-दालचिनीचा काढा.

सात वाट्या पाणी घ्या, मातीचं किंवा स्टीलचं भांडं, लोखंडाचं किंवा अॅल्युमिनियमचं नको. अर्धा तास भिजवा आणि मंद आचेवर तीन वाट्या उरेपर्यंत आटवा. मूळ ग्रंथातलं प्रमाण पण सातास तीनच आहे आणि आच मंदच. गाळून एक वाटी कोमट प्यायची.

आता खरी गंमत. काढा प्यायल्यावर थोड्या वेळाने वाटीभर गरम पातळ पेज प्यायची, हे पण झांगनेच लिहिलंय! त्यांच्या हिशेबाने घाम पोटातल्या अन्नरसातूनच येतो, मग काढा घाम काढणार तर भरपाई पेजेने करायची. उकड्या तांदळाची पेज आपल्याकडे रोजचीच, फक्त शितं कमी नि पाणी जास्त ठेवा. मग पांघरूण घेऊन दोनेक तास पडायचं, अंग दमट झालं की पुरे, घामाच्या धारा लागता कामा नयेत. पहिल्याच वाटीत घाम येऊन हलकं वाटलं तर उरलेला काढा प्यायचाच नाही, पैसे गेले म्हणून संपवत बसू नका.

पथ्य मात्र कोकणी माणसाच्या जिवावर येईल असं. मांस, उग्र वासाचं, थंड, कच्चं, लसूण, दारू, दूधदुभतं सगळं बंद. म्हणजे पेजेबरोबर सुको बांगडो नाही, वर तूप नाही आणि सोलकढी तर नाहीच, ती थंड आणि वर लसूण.

बीपी असेल तर हा काढा परस्पर घेऊ नका, ज्येष्ठमधाने बीपी चढतो आणि पोटॅशियम उतरतं, लघवीच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच. गरोदर बाई, रक्त पातळ करायच्या गोळ्या, लिव्हरचा त्रास, यांनी पण डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. घसा लालबुंद, तहान लागलीय, अंग तापलंय, अशा उष्णतेच्या आजारात तर तो उलटा पडतो.

जपानात हाच काढा केशीतो नावाने दाणेदार पुडीत मिळतो, आटवायची कटकट नाही. यातल्याच पिओनीचं प्रमाण दुप्पट करून माल्टची साखर घातली की पोटात कळ येणाऱ्या अशक्त पोरांचा काढा होतो. आणि झोपेत घाम फुटतो, दचकून जाग येते अशांसाठी यातच जीवाश्म हाडं आणि कालवांची शिंपलं उकळतात, शिंपलं आपल्या खाडीत ढिगाने पडलेली असली तरी ती उचलून आणून टाकू नका, औषधाची शिंपलं वेगळी साफ करून तयार केलेली असतात.