शालेय स्पर्धेतला ‘सर्वोत्तम बास्केटबॉलपटू’ कसा निवडावा

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात शालेय खेळाडूंसाठी 1939पासून ‘मिस्टर बास्केटबॉल’ हा मान आहे. नाशिकच्या आंतरशालेय स्पर्धेत असा मान द्यायचा तर आधी नोंदी चोख हव्यात. प्रत्येक संघामागे दोघं बसवा: एक बघून सांगेल, दुसरा लिहील. एकट्यानेच दोन्ही केलं की मान खाली गेल्यावर रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेला चेंडू) हमखास सुटतो.

गुण, रिबाउंड, असिस्ट (ज्यावर लगेच बास्केट होते तो पास), स्टील (प्रतिस्पर्ध्याकडून हिसकावलेला चेंडू), ब्लॉक (अडवलेला शॉट) यांची बेरीज करा. हुकलेले शॉट, हुकलेले फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे, कुणी न अडवता मारायचे शॉट) आणि टर्नओव्हर (शॉट न मारताच प्रतिस्पर्ध्याकडे गमावलेला चेंडू) वजा करा. समजा, 18 गुण, 9 रिबाउंड, 4 असिस्ट, 2 स्टील म्हणजे 33. हुकलेले शॉट 8, फ्री थ्रो 2, टर्नओव्हर 3 गेले की उरले 20. सामन्यागणिक सरासरीच धरा, नाहीतर लवकर बाद झालेल्या संघातला चांगला पोरगा मागे पडतो.

खरा घोळ असिस्टचा. पास घेऊन खेळाडू थांबला, दोघांना चकवून बास्केट केली, तर असिस्ट देऊ नका.