बांधावरची गोचीड

दर मे महिन्यात आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. नवीन घर, मागे दाट झाडी आणि झाडीच्या कडेला उभं हरीण. खाली 'आज आमच्याकडे पाहुणे' आणि पन्नास-साठ बदाम. मी पण 'मस्तच' लिहिते आणि मग त्या घरी वेगळा फोन लावते. सतरा वर्षं अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात राहतेय. तोच फोन दरवर्षी करून कंटाळा आला, म्हणून हे एकदाच लिहून काढतेय. आता फोन केला नाही तर रागावू नका, हेच वाचा.

हरणाबरोबर काय येतं ते आपल्याला नवीन नाही. गोचीड. माझं आजोळ सिंधुदुर्गातल्या बांद्याजवळचं. आजी गाईच्या कानामागच्या गोचिडी ओढून रॉकेलच्या वाटीत टाकायची आणि आम्ही पोरं त्या मोजायचो. दोडामार्ग-बांदा पट्ट्यात माकडतापाने माणसं गेली तीही गोचिडीमुळेच. एवढं सगळं माहीत असून मी इथे घर घेतलं तेव्हा गोचीड हा शब्द एकदाही डोक्यात आला नाही. अमेरिकेत असलं काही नसतं, असं वाटायचं. इथे तिला 'टिक' म्हणतात, आणि गंमत म्हणजे तिच्या चाव्यातून ज्याचे जंतू अंगात जातात आणि ज्या आजारामुळे ती बदनाम झाली, त्या लाइमचं नावच आमच्या राज्यातल्या लाइम गावावरून पडलंय. 1975 साली तिथल्या पॉली मरे नावाच्या एका आईने आणि आणखी एकीने आरोग्य खात्याचा पिच्छा पुरवला, की आमच्या गावात इतक्या पोरांचे गुडघे कसे सुजतात. तिथून शोध सुरू झाला. गुडघ्याचं लक्षात ठेवा, पुढे माझा येणार आहे.

आजीच्या वाटीतली गोचीड रक्त पिऊन एरंडीच्या बीएवढी फुगलेली असायची, लांबून दिसायची. इथली काळ्या पायांची गोचीड मोठी झाली तरी तिळाएवढी. आणि मे ते जुलै जी फिरते ती तिची पोरसवदा अवस्था, निम्फ. ती खसखशीएवढी. जास्त माणसं आजारी पडतात ती या खसखशीमुळे, कारण ती दिसतच नाही. ती उडत नाही, उड्या मारत नाही, झाडावरूनही पडत नाही. पाचोळ्यात नाहीतर गवताच्या पात्यावर पुढचे पाय पसरून बसते आणि जो घासून जाईल त्याला धरते.

आता मुद्द्याचं. नवीन माणूस घाबरला की आधी अख्ख्या लॉनवर औषध मारायला निघतो. अहो, लॉनच्या मधोमध गोचीड जगतच नाही. तिला ओल लागते. कापलेल्या गवतावर ऊन पडलं की ती सुकून मरते. ती असते बांधावर. म्हणजे जिथे तुमचं लॉन संपतं आणि झाडी सुरू होते ती कड, दगडी गडगा, सरपणाची रास, झुडपांच्या बुडाशी साचलेला पाचोळा. इथे न्यू हेवनला सरकारी शेती संशोधन केंद्र आहे, कनेक्टिकट अॅग्रिकल्चरल एक्सपेरिमेंट स्टेशन. त्यांचं गोचिडीवरचं अख्खं पुस्तक फुकट मिळतं. त्यात दिलंय की लॉनवर ज्या थोड्याफार सापडतात त्यातल्याही बहुतेक कडेपासून 9 फुटांच्या आतच. आपल्याकडे बांधावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात. इथे तेवढंच लक्ष बांधाकडे द्या, भावाशिवाय.

विश्वास नसेल तर स्वतः करून बघा. माझ्या सासऱ्यांचा एक जुना पांढरा पंचा आहे. त्याची एक कड काठीला बांधली आणि जूनमधल्या एका सकाळी, दव सुकल्यावर, मी तो झाडीच्या कडेने वीसेक पावलं फरफटत नेला. उलटा करून उन्हात धरला. आधी काही दिसलं नाही, नुसती धूळ आणि गवताची कुसळं. मग एक ठिपका चालायला लागला. मग दुसरा. चष्मा लावून मोजल्या, चार होत्या. चिकटपट्टीने उचलल्या. तोच पंचा लॉनच्या मधून नेला तर एकही नाही. संशोधन करणारे लोकही असंच पांढरं कापड ओढून मोजतात, फक्त त्यांच्याकडे पंचा नसतो.

मग बांधाचं करायचं काय? कडेला 3 फूट रुंदीचा पट्टा लाकडाच्या चिप्सचा नाहीतर खडीचा करा. कोरडा, उन्हातला. गोचिडी तो सहज ओलांडत नाहीत, आणि पोरांनाही दिसतं की याच्या पुढे जायचं नाही. झोपाळा, घसरगुंडी, कोळशाची शेगडी, खुर्च्या, सगळं झाडीपासून लांब, उन्हात आणा. आधीच्या मालकाने झोपाळा सावलीत ठेवलेला असतो आणि आपण 'छान सावली आहे' म्हणून तिथेच राहू देतो. बार्बेरीची काटेरी झुडपं असतील तर मुळासकट काढा. शोभेला लाल दिसतात, पण त्यांच्या खाली ओल टिकते, उंदीर राहतात आणि गोचिडींची चैन होते.

आणि पाचोळा. इथे मी जरा आवाज चढवणार आहे.

आम्ही पहिलं घर घेतलं त्या ऑक्टोबरात पानं उचलून न्यायचे लँडस्केपरने साडेचारशे डॉलर सांगितले. आमच्या ह्यांनी त्याच पैशात पानं उडवायचं ब्लोअर आणलं आणि सगळा पाचोळा झाडीच्या कडेला ढकलून कमरेएवढा ढीग केला. शेजारचेही तसंच करतात म्हणून आम्हाला फारच शहाणपणाचं वाटलं. ओला पाचोळा कडेला रचणं म्हणजे गोचिडींसाठी चाळ बांधणं. वसंतात त्याच ढिगाच्या बाजूला मी वाफा केला, वांगी आणि मेथी लावली आणि रोज संध्याकाळी तिथे उकिडवी बसून तण काढलं.

जूनच्या शेवटी मांडीच्या मागे एक चट्टा आला. खाजत नव्हता, दुखत नव्हता. गोल, जांभळट, हाताच्या तळव्याएवढा. मी ठरवून टाकलं, गजकर्ण. घामाने झालं असेल. डॉक्टरला दाखवायचं तर अपॉइंटमेंट, को-पे (विमा असूनही दर भेटीला आपण द्यायचे पैसे), पोरांच्या शाळेच्या वेळा. आणि बॅगेत भारतातून आणलेलं मलम होतंच. आपल्या प्रत्येकाच्या बॅगेत ते असतं. लावलं, तीन आठवड्यांत चट्टा गेला. मलमाने गेला असं मी अभिमानाने दोघींना सांगितलंसुद्धा. खरं म्हणजे तो आपोआपच जातो, आजार मात्र आतच राहतो.

ऑक्टोबरमध्ये एक दिवस उजवा गुडघा नारळाएवढा सुजला. जिना उतरता येईना. आधी दुसरीच तपासणी झाली, मग सुईने पाणी काढलं, मग कुणीतरी विचारलं, उन्हाळ्यात अंगावर काही उठलं होतं का? लाइमच निघालं. अठ्ठावीस दिवस डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक. आमच्या विम्याची डिडक्टिबल, म्हणजे विमा लागू होण्याआधी आपण भरायची रक्कम, मोठी, त्यामुळे खिशातून गेले सव्वीसशे डॉलर. लँडस्केपरला साडेचारशे द्यायचे टाळले होते. गुडघा बरा झाला, पण सूज पूर्ण उतरायला पुढचं वर्ष उजाडलं.

म्हणून चट्ट्याबद्दल नीट वाचा. पुस्तकांत, दवाखान्यातल्या पोस्टरवर गोऱ्या कातडीवरचा लालभडक चांदमारीसारखा चट्टा दाखवतात. आपल्या रंगावर तो तसा दिसेलच असं नाही. जांभळट, तपकिरी, मुका मार लागल्यासारखा दिसू शकतो, आणि मधली वलयं बऱ्याचदा नसतातच. चावल्यापासून 3 ते 30 दिवसांत येतो, हळूहळू पसरतो, 2 इंचांच्या पुढे जातो, बहुतेक वेळा खाजत नाही. गजकर्ण खाजतं आणि कडेला खवले धरतं. बॉलपेनने चट्ट्याची कड आखा, फोटो काढा, दुसऱ्या दिवशी परत काढा. कड ओलांडली असेल तर मलम खाली ठेवा आणि डॉक्टर गाठा. तिथे 'मी बागेत काम करते, घरामागे झाडी आहे' हे स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. आणि पहिल्या एक-दोन आठवड्यांत रक्ताची तपासणी निगेटिव्ह येऊ शकते, तेवढ्यावर निवांत होऊ नका. काहींना चट्टा येतच नाही, नुसता उन्हाळ्यात फ्लूसारखा ताप.

गोचीड चिकटलेली सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला लागून धरायची आणि सरळ वर ओढायची. पिळायची नाही. रॉकेल, तंबाखू, व्हॅसलीन, पेटती काडी, काही नाही. आमच्या आजीचे उपाय गाईसाठी होते. लाइमचे जंतू अंगात जायला बहुतेक वेळा चोवीस तासांहून जास्त लागतात, म्हणून रोज रात्री बघणं एवढं कामाचं आहे. गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, कानामागे, बेंबीत, केसांत. काढलेली गोचीड झिपलॉकमध्ये घालून तारीख लिहून ठेवा. रक्त पिऊन फुगलेली निघाली तर 72 तासांच्या आत डॉक्टरला फोन करा, डॉक्सिसायक्लिनचा एकच डोस देऊन काम भागू शकतं. आणि कनेक्टिकटवाल्यांनो, तुमच्या गावच्या आरोग्य खात्यामार्फत ती न्यू हेवनला पाठवता येते, फुकट तपासून देतात. या देशात फुकट मिळणाऱ्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक, आणि आपले लोक तीच वापरत नाहीत.

कपड्यांचं. आपण बायका ड्रायर लावायला कचरतो. वीज जाते, कपडे विरतात, डेकवर ऊन आहे की! पण बागेतून आल्यावर अंगावरचे कपडे धुवायच्या आधी कोरडेच ड्रायरमध्ये टाका, हाय हीटवर दहा मिनिटं. नुसत्या धुण्याने गोचीड मरेलच असं नाही, कोरड्या उष्णतेने मरते. बागेतले बूट आणि मोजे वेगळे ठेवा, त्यांवर 0.5 टक्के पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मारून सुकू द्या. ते कपड्यांवर मारायचं, अंगावर नाही, आणि ओलं असताना मांजराला जवळ फिरकू देऊ नका. अंगावर लावायचं ते डीट किंवा पिकॅरिडिन असलेलं, किडे पळवणारं औषध. कडुलिंब-करंज तेलाच्या भरवशावर राहू नका, मी राहिलेय.

फवारणी करायचीच असेल तर परवानाधारक माणसाकडून, मेच्या शेवटी किंवा जूनच्या सुरुवातीला, आणि फक्त बांधावर. फुलांवर नको, मधमाश्या मरतात. ओढा किंवा तळं असेल तर त्याला आधी सांगा, मासेही मरतात. दर तीन आठवड्यांनी अख्खं आवार फवारण्याचं पॅकेज विकणारे दारावर येतात, त्यांना चहा पाजा आणि परत पाठवा.

हरणावर सगळ्यांचा राग, पण लाइमचा जंतू सांभाळतो तो पांढऱ्या पायांचा उंदीर. हरीण फक्त मोठ्या गोचिडींना खायला घालतं आणि इकडून तिकडे नेतं. कापूस भरलेल्या नळ्या मिळतात, कापसाला पर्मेथ्रिन लावलेलं असतं, उंदीर तो घरट्यात नेतात आणि त्यांच्या अंगावरच्या गोचिडी मरतात. वसंतात आणि उन्हाळा संपताना ठेवतात. मी ठेवते, बाकीचं सगळं केल्यावर. पक्ष्यांना दाणे घालायची हौस असेल तर खाली सांडलेले रोज झाडा, तिथेच उंदीर येतात. 'ओपॉसम (इथला मांजराएवढा रानटी प्राणी) हंगामात पाच हजार गोचिडी खातो' हे फॉरवर्ड मला पाठवू नका.

कुत्रा असेल तर त्याची महिन्याची गोळी चुकवू नका, तोच गोचिडींना सोफ्यावर आणतो. त्याला लाइमची लस मिळते. माणसांची 1998 साली आली होती, 2002 साली बाजारातून काढून घेतली.

मटण खाणाऱ्यांसाठी वेगळी ताकीद. पाठीवर पांढरा ठिपका असलेली लोन स्टार नावाची दुसरी गोचीड आहे. आधी दक्षिणेकडे जास्त होती, आता आमच्या किनाऱ्याच्या भागातही येते. ती चावल्यावर काहींना मटणाचीच अॅलर्जी होते. जेवल्यावर लगेच नाही, दोन ते सहा तासांनी, म्हणजे रविवारचं सामिष जेवण झाल्यावर भर वामकुक्षीत. कोंबडी, मासे चालतात. आमच्या ओळखीतल्या एका कोल्हापूरकराला हे सांगितलं त्या दिवसापासून तो बाकी काही करो न करो, पँट मोज्यात खोचून गवत कापतो.

शेवटचं, आईवडील. सगळ्यांचे मेमध्येच येतात आणि ऑक्टोबरात जातात, म्हणजे नेमके गोचिडीच्या हंगामात. त्यांना घरात बसवत नाही. बाबा चपला घालून कडेकडेने फेऱ्या मारतात, आई 'ही बघ टाकळ्यासारखी भाजी' म्हणत झाडीत हात घालते. त्यांच्या प्रवासविम्यात काय बसतं ते वाचा. डेकवर कुरडया घालू द्या, तिथे काही नाही. फेऱ्या लॉनच्या मधून मारू द्या. आणि रोज रात्री गुडघ्यामागे, पाठीवर तुम्हीच बघा, त्यांना स्वतःचं दिसत नाही आणि सांगायला संकोच वाटतो. माझ्या सासूबाई पहिल्या दिवशी 'काय गं हे' म्हणाल्या होत्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या पोटरीवर खसखस सापडली, आणि तिसऱ्या आठवड्यापासून त्याच रात्री नऊ वाजता टॉर्च घेऊन सगळ्यांना हाका मारायला लागल्या.