फोर्कलिफ्टचा काँटॅक्टर: बदलण्याआधी तो का चिकटला ते बघा

‘पॉइंट कानशीने घास, चालेल अजून सहा महिने.’ हा सल्ला रत्नागिरीत मला चहावाल्यानेसुद्धा दिलाय. घासू नका. काँटॅक्टर म्हणजे बॅटरीचा करंट जोडणारा-तोडणारा मोठा स्विच, आणि पॉइंट म्हणजे त्यात एकमेकांना टेकणारे धातूचे तुकडे. पॉइंटवर चांदीच्या मिश्रधातूची टिकली असते, ती कानशीने जाते. नुसते काळे पडलेले पॉइंट बहुतेकदा ठीक असतात. खोल खड्डे पडलेत किंवा चिकटलेत, तर बदला.

ड्राइव्हचं चाक ठोकळ्यावर उचला, बॅटरीचा प्लग काढा, हातातली अंगठी-कडं काढा. प्लग काढला तरी कंट्रोलरमधले, म्हणजे मोटर चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यातले, वीज साठवणारे कपॅसिटर भरलेले असतात. 48 व्होल्टच्या गाडीत मी 230 व्होल्ट, 100 वॅटचा साधा पिवळा बल्ब कंट्रोलरच्या प्लस-मायनसला धरतो आणि मीटरवर शून्य दिसल्यावरच पाना लावतो. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करणारे शूर लोक मी पाहिलेत, त्यांचे स्क्रूड्रायव्हरही. वायरींचा फोटो काढा, जुना सोडवा.

नवा घेताना बॅटरीचा आकडा सांगू नका, जुन्या कॉइलवरचा (पॉइंट ओढून जुळवणारी तारेची गुंडाळी) वाचा. 48 व्होल्टच्या गाडीत 24 ची कॉइल असू शकते, कारण कंट्रोलर तिला व्होल्टेज कमी करूनच देतो.

आता माझी फजिती. बंदराजवळच्या एका मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मी नवाकोरा काँटॅक्टर बसवला. पंधरा दिवसांत पॉइंट परत चिकटले. मी माल डुप्लिकेट म्हणून दुकानदाराशी भांडलो, दुसरा आणला, तोही गेला. दोष निघाला प्रीचार्ज रेझिस्टरचा. बऱ्याच गाड्यांत हा पांढरा, बोटाएवढा तुकडा पॉइंटच्या दोन टोकांना जोडलेला असतो, काहींत चावीच्या स्विचमार्गे. कपॅसिटर आधी हळूहळू भरून ठेवणं एवढंच त्याचं काम. तो तुटला की रिकामे कपॅसिटर पॉइंट जुळताक्षणी प्रचंड करंट ओढतात आणि पॉइंट वेल्ड होतात. रेझिस्टर वरून धडधाकट दिसत होता. खाऱ्या हवेने त्याची लग (वायर जोडायची धातूची पट्टी) आतून खाल्ली होती. ओढली तर हिरव्या भुकटीसकट हातात आली. म्हणून एक टोक सोडवूनच ओहम मोजा, जोडलेला असताना मीटर फसवतो. छापलेला आकडा आला नाही तर बदला. लगवरचं हिरवं किटण चमक येईपर्यंत साफ करा. ग्रीस लावायचंच तर नट आवळून झाल्यावर बाहेरून; पॉइंटला कधीच नाही.

कॉइलवर प्लस-मायनसची खूण असेल तर आत डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, असू शकतो. उलट जोडलात तर कंट्रोलरचं आउटपुट उडेल, आणि तो खर्च काँटॅक्टरच्या कितीतरी पट. मोठ्या टर्मिनलवर प्लस असेल तर तोही पाळा; आत ठिणगी विझवायला चुंबक असतात, दिशा चुकली की ठिणगी नीट विझत नाही.

नट आवळा, प्लग लावा. चाक वर असतानाच चावी द्या, पुढे-मागे चालवून बघा. चावी बंद केल्यावर सुटल्याचा ‘टक्’ ऐकू आला पाहिजे. नाही आला, तर चाक खाली टेकवू नका.