परसबागेत स्ट्रॉबेरी, फालसा आणि तुती : विदर्भासाठी ऑक्टोबरचा सल्ला

परतीचा पाऊस थांबून रात्री गार होऊ लागल्या की विदर्भातील परसबागेत स्ट्रॉबेरी लावण्याचे दिवस येतात. चिखलदऱ्याच्या उंचीवर हे पीक शेतात घेतले जाते, म्हणून अकोला-यवतमाळच्या सपाटीवरही ते तसेच चालेल असे समजू नये. आपल्याकडे ते ऑक्टोबरअखेर लावायचे, जानेवारी-फेब्रुवारीत खायचे आणि मार्च तापू लागला की त्याची आशा सोडायची.

उन्हापेक्षा मोठी अडचण मातीची आहे. स्ट्रॉबेरीला साधारण ५.५ ते ६.५ सामू (मातीची आम्लता-विम्लता दाखवणारा आकडा, म्हणजे पीएच) मानवतो. आपल्या भारी काळ्या मातीचा सामू चुनखडीमुळे बहुधा ७.५ च्या पुढे असतो आणि ती पाणीही धरून ठेवते. त्यामुळे रोपे जमिनीत न लावता ८ ते १० इंच खोल कुंड्यांत लावावीत. चुनखडी नसलेली लाल माती, पूर्ण कुजलेले शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समप्रमाणात घेतले तरी काम भागते. नवी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर ती लोहाची कमतरता समजावी आणि लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून सायंकाळी फवारावे. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात मात्र बोअरचे पाणी या पिकाला देऊच नये, कारण क्षार त्याला अजिबात सोसत नाहीत. पावसाचे साठवलेले पाणी असेल तरच हा खटाटोप करावा.

पाने जिथून फुटतात तो क्राऊन लावणीच्या वेळी मातीच्या बरोबर पातळीवर ठेवावा. पहिल्या वर्षी रोप पक्के बसावे म्हणून मी क्राऊनवरच माती दाबली होती. पंधरवड्यात मधली कोवळी पाने काळी पडली आणि रोप ओढून पाहताच पानांचा झुबका हातात आला, मुळे मातीतच राहिली. उलट तो फार वर राहिला तर मुळे उघडी पडून वाळतात. पहिला आठवडा दुपारची सावली द्यावी. त्यासाठी पऱ्हाटीच्या काड्यांवर टाकलेले जुने लुगडेही चालते. फळ मातीला टेकले की कुजते, म्हणून फुले दिसताच रोपाखाली कोरडे कुटार, आणि धानाच्या भागात तणीस, पसरावी.

एवढी देखभाल होणार नसेल, तर फालसा लावावा, आणि माझ्या मते विदर्भाच्या परसबागेचे हेच खरे फळ आहे. त्याला काळी माती चालते आणि उन्हाळाही चालतो. फळ नव्या फुटीवर येत असल्यामुळे झाड पानगळीत असताना, डिसेंबरअखेर ते जानेवारीत, जमिनीपासून सुमारे ३ फुटांवर छाटावे. छाटणी चुकली की झाड उंच वाढते आणि फळे हाताबाहेर जातात. एप्रिल-मे महिन्यांत फळे एकदम न पिकता थोडीथोडी पिकतात आणि तोडल्यावर जेमतेम दोन दिवस टिकतात, म्हणून बाजारापेक्षा घरच्या सरबतालाच ती बरी.

रोपवाटिकेत ब्लूबेरीची रोपे मिळाली तरी घेऊ नयेत; तिला ४.५ ते ५.५ सामूची आम्ल माती लागते आणि ती कुंडीतही टिकवणे जिकिरीचे आहे.

तुतीसाठी ३-४ डोळे असलेली, पेन्सिलीएवढी जाड कांडी पुरते. तिची झाडे अंगणातील फरशीपासून दूर लावावीत, कारण गळालेल्या फळांचे जांभळे डाग सहजी निघत नाहीत. फळे काळी झाल्यावर खाली जुनी चादर अंथरून सकाळीच फांदी हलवावी; उशीर केला तर बुलबुल काही शिल्लक ठेवत नाहीत.