छप्पर बदलताय? कौलांच्या आधी सांगाडा बघा

छप्पर नवं करायचं ठरलं की घरात आधी चर्चा होते ती कौलांच्या रंगाची. मी सुतार आहे, माझी नजर आधी वाशांवर जाते.

जुनी कौलं उतरली की लगेच नवी चढवायची घाई करू नका. वाशाचं भिंतीत गेलेलं टोक आणि वळचणीकडचं टोक स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. धड लाकूड दाद देत नाही, कुजलेल्यात मात्र ओल्या पुठ्ठ्यात शिरावं तसं पातं आत जातं. असा वासा बदलायचाच, रंग फासून झाकायचा नाही. पत्रा काढून कौलं घालणार असाल तर सांगाडा भार पेलेल का, हे इंजिनिअरकडून तपासून घ्या. कौलांचं वजन चौरस मीटरला साधारण ४० किलोंच्या घरात जातं, पातळ लोखंडी पत्रा ५ किलोंच्या आसपास असतो.

रिपांचं, म्हणजे कौलं टेकतात त्या आडव्या लाकडी पट्ट्यांचं, अंतर कागदावरून ठरवू नका. आलेल्या कौलांच्या दोन-तीन ओळी मांडून बघा आणि त्यावरून माप घ्या, कारण भट्टीगणिक थोडाफार फरक पडतोच. रिपांखाली पाणीरोधक कापड अंथरायचं ते वळचणीपासून वर आढ्याकडे, वरची पट्टी खालचीवर चढवत.

गळती बहुतेक वेळा सांध्यातून होते. माझ्याच घरी, छप्पर भिंतीला भिडतं तिथे मी घाईत नुसता सिमेंटचा मसाला भरला होता. लाकूड ओलीने फुगतं, उन्हात आकसतं, भिंत मात्र जागची हलत नाही. वर्षाच्या आत केसाएवढी फट पडली आणि आतल्या भिंतीवर पिवळट ओघळ उतरला. आता मी भिंतीत खाच पाडून त्यात पत्र्याची पट्टी अडकवतो आणि तिचं खालचं अंग कौलांवर येऊ देतो. दोन उतार आत मिळतात त्या घळीतही अखंड पत्रा हवा, तुकडे जोडलेला नको.

कडेच्या, वळचणीच्या आणि आढ्यालगतच्या कौलांना न गंजणारे खिळे किंवा स्क्रू माराच. वारा आधी तिथूनच कौलं उचलतो.

शेवटी नळीने पाणी सोडा, खालून वर, एकेका सांध्यावर दहा-दहा मिनिटं. एकाने आत बॅटरी घेऊन थांबायचं. सिलिंग त्यानंतरच लावा.