हिपॅटायटिस सी: रक्ततपासणीत या चुका टाळा

हिपॅटायटिस सी हा यकृताला सूज आणणारा विषाणूजन्य आजार. झटपट तपासणीच्या कार्डवर 'टी'ची (टेस्टची) रेघ उमटली की तो पक्का धरू नका. कार्ड आणि एलायझा (प्रयोगशाळेतली रक्तचाचणी) विषाणू शोधत नाहीत, त्याच्याविरुद्ध शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं शोधतात. लागण झालेल्या शंभरातल्या 15 ते 45 जणांचा विषाणू सहा महिन्यांत औषधाविना जातो, प्रतिपिंडं मात्र मागे उरतात. त्यामुळे रिअॅक्टिव्ह (पॉझिटिव्ह) कार्डनंतर एचसीव्ही आरएनए, म्हणजे रक्तातला विषाणूच मोजणारा व्हायरल लोड, करायलाच हवा. बरं झाल्याची खात्रीही त्यानेच करायची, गोळ्या संपल्यावर 12 आठवड्यांनी. तेव्हा पुन्हा कार्ड केलं तर ते पॉझिटिव्हच येतं आणि रुग्ण विनाकारण खचतो.

घाईही नडते. बाधित सुई टोचून लागण झाल्यावर प्रतिपिंडं दिसायला साधारण 8 ते 11 आठवडे लागतात. आरएनए 1-2 आठवड्यांत सापडतो. डायलिसिसच्या रुग्णात प्रतिपिंडं कधी उमटतच नाहीत, तिथे शंका आल्यास थेट आरएनए करावा.

कोकणात नमुना बिघडतो तो बहुधा वाटेत. मंडणगड, राजापूर, देवगडला घेतलेलं रक्त जिल्ह्याला किंवा घाट चढून कोल्हापूरला जायचं असतं. जांभळ्या टोपणाची ईडीटीए नळी वापरा. हिरव्या टोपणाच्या नळीतलं हेपरिन पीसीआर, म्हणजे आरएनए शोधायची प्रक्रिया, अडवतं. खुणेपर्यंत रक्त भरा, नळी 8-10 वेळा हलकेच उलटसुलट करा, जोराने हलवू नका. शक्यतो 6 तासांच्या आत सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात वेगाने फिरवून) प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशीविरहित द्रव, वेगळा काढा आणि तोच थंड पेटीतून पाठवा. अख्खं रक्त फ्रीझरमध्ये ठेवलं किंवा बर्फाला टेकलं की पेशी फुटतात. उशीर झाला तर आरएनए तुटतो, आकडा कमी येतो, आणि विषाणू असूनही 'नाही' असा रिपोर्ट हाती पडतो. सेंट्रिफ्यूज नसेल किंवा वीज नसेल तर रक्त काढूच नका, रुग्णालाच प्रयोगशाळेत पाठवा.

पावसाळ्यातली दमट हवा कार्डची वैरी. फ्रिजमधलं पाकीट आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, रक्त घेतानाच फोडा. 'सी' (कंट्रोल) रेघ नसेल तर टेस्ट बाद. 'टी' फिकट असली तरी रिअॅक्टिव्हच धरा. किटच्या पत्रकातली वेळ उलटल्यावर उमटलेली रेघ मात्र मोजू नका.

उपाशीपोटी यायची गरज नाही. कावीळ नाही, एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) नॉर्मल आहे, हिपॅटायटिस बीची लस घेतली आहे, यांपैकी कशानेही हिपॅटायटिस सी नाही असं ठरत नाही. गोळ्यांआधी एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटिस बीची तपासणी, जरूर करा: सी हटताना दबलेला बी उसळू शकतो. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात 2018पासून तपासणी आणि औषधं मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात विचारा.